जवाच्या कुंड्या

काचघरात ढोबळी मिरचीच्या रांगांवर जवाच्या कुंड्या टांगलेल्या असत आणि त्या कुंड्यांमध्ये मावा मुद्दाम पाळलेला असे. हे ज्याला पहिल्यांदा सांगावं तो सांगणाऱ्याच्या तोंडाकडे बघत राही. मावा म्हणजे पानांचा रस शोषणारी, टाचणीच्या डोक्याएवढी कीड. तिला घालवायला लोक जिवाचं रान करतात, आणि इथे तिला कुंडीत बसवून वर पाणी घालायचं! सासऱ्यांनी तर ऐकलं त्या दिवशी कपाळावर हातच मारून घेतला होता.

सुनेने त्यांना नीट समजावलं होतं. जवावरचा मावा निराळ्या जातीचा. तो गवताच्या कुळातल्या झाडांवरच जगतो, मिरचीला तोंड लावत नाही. त्याच्यावर जगते एक इवलीशी गांधीलमाशी, डासाहून लहान, माणसाला मुळीच न चावणारी. ती माव्याच्या अंगात अंडं घालते. आतली अळी त्याला पोखरून खाते, मावा फुगून सोनेरी पडतो, कागदासारखा कोरडा होतो आणि त्याच्या पाठीला भोक पाडून नवी माशी बाहेर पडते. मिरचीवर तिचा स्वतःचा मावा चढला की ह्याच माशा तिकडे धाव घेतात. पण तो चढलेला नसेल तेव्हा ह्यांनी खायचं काय? म्हणून ह्या कुंड्या. पहारेकऱ्यांना रोजचा शिधा, एवढंच.

"म्हणजे तुझ्या नणंदाच म्हण की," सासरे म्हणाले होते. "गोड बोलून घरात शिरायचं आणि आतून पोखरायचं."

त्यांची मुलगी, म्हणजे सुनेची खरीखुरी नणंद, तेव्हा समोरच बसली होती. तिने बापाला उशी फेकून मारली. त्या दिवसापासून माशांचं नाव नणंदा पडलं ते पडलंच.

त्या दिवशी त्यांचा मुलगा, म्हणजे सुनेचा नवराही हसायला होता. काचघर त्यानेच उभं केलेलं, कुंड्यांची युक्तीही त्यानेच शिकून आणलेली. मग तो एका साध्या वाटणाऱ्या तापात गेला. मागे उरले दोघंच: पाठीवर पंप घेऊन जन्मभर लोकांच्या बागा फवारलेला, छातीत कायमची घरघर घेऊन बसलेला म्हातारा, आणि त्याची सून. नणंद बापाला आपल्याकडे बोलावून थकली. "हिला एकटीला टाकून येऊ?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर. ते सुनेसाठी राहतात की काचघरात मुलाचा हात लागलेली एकेक तार आहे म्हणून राहतात, हे तिने कधी विचारलं नाही. विचारायची गरज पडली नव्हती. ते सकाळी आत यायचे, वेलीसारख्या वाढलेल्या मिरच्यांना सुतळीचा आधार द्यायचे, खालची पिवळी पानं खुडायचे, रांगांमधली वाट झाडायचे आणि कुंड्यांखालून जाताना न चुकता नाक मुरडायचे. "पोरी, तुझ्या ह्या घाणीला आज पाणी घातलंस का गं?" असं म्हणून स्वतःच घालायचे.

त्या वर्षी हिवाळा आलाच नाही. म्हणजे दिनदर्शिकेत आला, अंगाला लागला नाही. काचघर गरम ठेवणारी भट्टी पेटवायची वेळ येईना. उलट दुपारी आत इतकं उकडायचं की मिरचीची फुलं गळायला लागली. तेव्हा सुनेने छताच्या खिडक्या उघडल्या. एरवी त्या दिवसांत ह्या खिडक्या फटी बुजवून घट्ट बंद असायच्या. वारा आत आला, फुलं टिकली आणि तिला बरं वाटलं.

मग एके दिवशी ती माल घेऊन बाजारात गेली आणि सासरे एकटे काचघरात राहिले. मोतीबिंदूने त्यांना लांबचं अंधुक आणि जवळचं त्याहून अंधुक दिसायचं, पण बोटं शाबूत होती. चौथ्या रांगेत पान खुडताना बोटांना चिकट लागलं. हा चिकटा त्यांच्या ओळखीचा होता. मावा रस पितो आणि मागे हे गोडसर पाणी टाकतो. त्यांनी वर हात नेला तर डोक्यावरच्या जवाच्या पातीही माव्याने लडबडलेल्या. झालं! म्हाताऱ्याच्या मनात दोन आणि दोन चार झाले. उतरलाच शेवटी कुंड्यांमधून खाली. पोरगी ऐकत नव्हती, आता ती यायच्या आत निस्तरलेलं बरं. त्यांनी शिडी लावली आणि छातीची घरघर सांभाळत एकेक कुंडी उतरवली. सगळ्या कुंड्या मागच्या कचऱ्याच्या खड्ड्यात नेऊन टाकल्या. वरचे टांगायचे आकडेसुद्धा साबणाने घासून काढले. मग हातपाय धुऊन दारातल्या खुर्चीवर बसले आणि तिची वाट बघू लागले. शाबासकीची वाट बघत होते, हे लपवण्यात अर्थ नाही.

सून आली. आत गेली. तशीच बाहेर आली.

"बाबा, कुंड्या कुठे आहेत?"

"टाकल्या मागे खड्ड्यात. चौथ्या रांगेत मावा उतरला होता गं. हाताला लागला माझ्या. म्हटलं, मुळावरच घाव घालावा. आकडेसुद्धा धुतलेत बघ."

"कोणी सांगितलं होतं?"

"सांगायला कशाला हवं? मला काय कळत नाही?"

"नाही कळत!" ती ओरडली. तिचा आवाज एवढा चढलेला त्यांनी कधी ऐकला नव्हता, तिनेही नव्हता. "जन्मभर विष मारत फिरलात, दुसरं येतंच काय तुम्हाला? मिरचीवर मावा चढला तेव्हाच तर त्या माशा हव्या होत्या! नेमक्या तेव्हाच फेकल्यात. त्याने एवढं उभं केलं आणि तुम्ही एका सकाळीत मोडलंत."

सासरे उठून उभे राहिले.

"यापुढे काचघरात पाय ठेवू नका," ती म्हणाली. "तुम्ही काही केलं नाहीत, तर तेवढेच उपकार होतील माझ्यावर."

"बरं," ते म्हणाले.

मुलाचं नाव तिने मध्ये आणायला नको होतं. पण जिभेला हाड नसतं, आणि सुटलेला शब्द परत घ्यायची सवय त्या घरात कोणालाच नव्हती.

पुढचे दिवस माव्याचे होते. तो चौथ्या रांगेतून तिसरीत आला, पाचवीत गेला. शेंड्याची कोवळी पानं वळून मुठीसारखी आवळली. चिकट्यावर काळी बुरशी चढली आणि मिरच्यांवर काजळी धरली. गोड पाण्याच्या वासाने मुंग्या आल्या. मुंग्यांचं आणि माव्याचं साटंलोटं जुनंच. त्या त्याचं गोड पाणी पितात आणि बदल्यात त्याची राखण करतात, त्याच्या अंगाशी येणाऱ्या माशीला हुसकून लावतात. म्हणजे आता शत्रूलाच पहारेकरी मिळाले होते. सून सकाळपासून अंधार पडेपर्यंत आत राबायची. साबणाच्या पाण्याने पानं धुवायची, मुंग्यांच्या वाटा बुजवायची. ज्या दिवशी थकून खाली बसायची त्या दिवशी मनातल्या मनात सासऱ्यांवर पुन्हा एकदा चिडून घ्यायची. चिडल्यावर जरा बळ यायचं.

सासरे बाहेर स्वयंपाकघराच्या पायरीवर बसलेले असायचे. काचेतून ते तिला दिसायचे. तिची आकृती त्यांना दिसत होती की नाही, कोण जाणे. ते तक्रार करत नसत, रुसलेही नव्हते. रुसले असते तर समजूत काढता आली असती. ते फक्त सांगितलेलं पाळत होते. जेवताना विचारायचे, "मीठ देतेस का?" आणि ती द्यायची. "पोरी" म्हणणं त्यांनी कधी सोडलं ते तिच्या लक्षातही आलं नाही.

मग एकदा ताटावर बसल्या बसल्या ते म्हणाले, "मुलीला फोन केला होता. रविवारी जावई गाडी घेऊन येतील. आता तिकडेच राहीन म्हणतो."

"बरं," ती म्हणाली. तिला वाटलं आपल्याला हायसं वाटलंय. थोड्या वेळाने भांडी घासताना तिच्या लक्षात आलं की एकच ताट आपण तिसऱ्यांदा घासतोय.

मित्रकीटक वाढवून पाठवणाऱ्या प्रयोगशाळेतून तिने माशांची नवी बाटली मागवली होती. ती आली. बाटली उघडून तिने माशा सोडल्या आणि आता चित्र पालटेल म्हणून वाट बघत राहिली. चित्र काही पालटेना. पानांवर सोनेरी फुगलेले मावे मात्र जागोजागी दिसत होते, म्हणजे माशा आपलं काम करत होत्या. मग त्यांच्या पिल्लावळीने आतापर्यंत थैमान घालायला हवं होतं. ती गेली कुठे? शनिवारी दुपारी तिने एक पान तोडलं, खिडकीच्या उजेडात नेलं आणि भिंग लावून बसली.

नणंदा बाहेर पडतात तेव्हा माव्याच्या पाठीला गोल, गुळगुळीत भोक पडतं, कडेला एखादी बारीकशी झाकणी लोंबत राहते. इथलं भोक तसं नव्हतं. कडा फाटक्या होत्या, कुरतडल्यासारख्या. तिने दुसरा बघितला. तोही तसाच. तिसराही. ह्या फाटक्या भोकाचा अर्थ तिला ठाऊक होता. माशीवरही दुसरी एक माशी जगते. माव्याच्या पोटात नणंदेची अळी आणि त्या अळीच्या पोटात आणखी कोणाची तरी. बाहेर येते ती ही दुसरी. नणंद आतच संपलेली असते.

पण ही दुसरी जात उन्हाळ्यातली. ह्या दिवसांत ती नसतेच.

ती भिंग घेऊन मागच्या खड्ड्याकडे गेली. कुंड्या आडव्यातिडव्या पडल्या होत्या, जव वाळून पिवळा पडला होता, पण पातींना चिकटलेले कोरडे मावे जसेच्या तसे होते. खड्ड्याच्या काठावर उकिडवी बसून तिने एकेक पात उचलली. सगळी भोकं फाटकी. एकूण एक. सासऱ्यांनी कुंड्या फेकल्या त्याच्या कितीतरी आधीच त्यातल्या नणंदा मेलेल्या होत्या. रोज ज्यांना पाणी घातलं जात होतं त्या कुंड्या पहारेकऱ्यांना जगवतच नव्हत्या, पहारेकऱ्यांच्या मारेकऱ्यांना पोसत होत्या.

तिने प्रयोगशाळेतल्या बाईंना फोन लावून फाटक्या भोकांचं सांगितलं.

"हिवाळ्यात खिडक्या उघडल्या होत्या का?" बाईंनी विचारलं.

"हो. उकडत होतं फार."

"मग तिथूनच आल्या. ह्या वर्षी सगळीकडे हेच ऐकतेय. थंडीच पडली नाही, त्यामुळे बाहेर त्या मेल्याच नाहीत, आणि त्यांचं वेळापत्रक आपल्याला कुठे कळवतात त्या? आता असं करा, पहिल्यांदा जवाच्या कुंड्या बाहेर काढा. त्या माशा तिथेच वाढतात. कुंड्या जितके दिवस आत राहतील तितकं तुमचं नुकसान. मग मी दुसरे कीटक पाठवते, माव्याला थेट खाणारे."

"कुंड्या काढल्यात," सून म्हणाली. "आधीच."

"वा! कोणाला सुचलं?"

तिने काहीतरी उत्तर दिलं आणि फोन ठेवला.

मग ती मिरच्यांच्या मधल्या वाटेत उलट्या क्रेटवर बसून राहिली. खिडक्या तिने उघडल्या होत्या. भिंग खणात होतं आणि तिने ते काढलं नव्हतं. का काढलं नाही? कारण चूक कोणाची ते तिला आधीच माहीत होतं. चूक करणारा हाताशी असला की माणूस कारण शोधत नाही. आणि आता गप्प राहणं किती सोपं होतं! उद्या गाडी येणार, म्हातारा आपल्या मुलीकडे जाणार, सुखात राहणार. त्याला कशाला सांगायचं? ह्या विचाराची तिला लाज वाटली, पण तो आला होता आणि बराच वेळ तिच्या शेजारी बसूनही होता.

सासरे खोलीत पलंगावर शर्ट पसरून घड्या घालत होते. बाह्या नीट जुळत नव्हत्या, पुन्हा उलगडत होते.

"बाबा, चूक तुमची नव्हती," ती दारातूनच म्हणाली. थांबली असती तर म्हणता आलं नसतं.

त्यांनी मान वर केली नाही. तिने सगळं सांगितलं. फाटकी भोकं, खड्ड्यातल्या पाती, खिडक्या, बाईंचा फोन. "नणंदांनाही नणंदा असतात बाबा, त्या आल्या होत्या," असंही म्हणून बघितलं. ते हसले नाहीत. "कुंड्या फेकल्यात तेच बरोबर होतं. उलट मी आधी फेकायला हव्या होत्या. हे बघा." तिने जवाची पात आणि भिंग त्यांच्या हातात दिलं.

ते खिडकीशी गेले. भिंग डोळ्याशी धरलं, लांब नेलं, पुन्हा जवळ आणलं. खूप वेळ बघत राहिले. बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मग त्यांनी पात आणि भिंग दोन्ही तिच्या हातात परत ठेवलं.

"मला काही दिसत नाही," ते म्हणाले.

"तिथे भोक आहे बाबा, त्याच्या कडा..."

"असेल. तू म्हणतेस तर असेल." ते पलंगावर टेकले. आवाजात राग नव्हता, नुसता शीण होता. "तेव्हा तू म्हणालीस, माझं चुकलं. मी मानलं. आता तू म्हणतेस, बरोबर होतं. तेही मानतो. मला दोन्ही वेळा काही दिसलं नाही."

तिथेच जमिनीवर बसून ती रडली. नवरा गेला तेव्हा लोकांसमोर रडली होती तशी नाही, तोंडावर ओढणी दाबून, आवाज न करता. सासऱ्यांनी शर्टाची घडी बाजूला सरकवली. त्यांचा हात तिच्या डोक्याच्या दिशेने थोडासा पुढे झाला आणि मधेच मांडीवर परत गेला.

"जाऊ नका," ती म्हणाली. "मला एकटीला नाही जमणार. आणि जमलं तरी मला नको आहे."

रविवारी गाडी आली आणि चहा पिऊन रिकामीच परत गेली. जावयांनी काही विचारलं नाही. भला माणूस.

दुसऱ्या दिवशी सकाळी सून आत गेली तेव्हा सासरे काचघराच्या दाराशी आले आणि उंबऱ्याबाहेर उभे राहिले. तिने "या ना" म्हटल्यावर आत आले. तिला वाटलं, संपलं एकदाचं. नवे कीटक यायच्या आत माव्याने भरलेले शेंडे खुडून टाकायचे होते, ते काम दोघांचं होतं. तिने चौथी रांग घेतली, ते समोर पाचवीत उभे राहिले. पूर्वी ह्या कामात त्यांच्या तोंडाची टकळी चालू असायची आणि बोटं तिच्या दुप्पट वेगाने चालायची.

त्यांनी एक शेंडा दोन बोटांत धरला.

"हा काढू का?"

"काढा ना."

त्यांनी तो खुडला, पिशवीत टाकला आणि पुढच्या झाडाला हात घातला. पान चाचपलं. चिकट होतं, ते तिला लांबूनही चमकताना दिसत होतं.

"हा काढू का?"

"बाबा, विचारू नका हो. तुम्हाला कळतं सगळं."

"हो," ते म्हणाले आणि मान हलवली. एक पाऊल पुढे सरकले. तिसऱ्या झाडाच्या शेंड्याशी त्यांचा हात गेला, थांबला, आणि तसाच हवेत धरून ते तिच्याकडे बघत उभे राहिले.